हातातली विद्या, कागदावरचे गुण

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत असतो. पत्र लिहिणारा कधी पंचवीस वर्षे लेथ चालवलेला कामगार असतो, कधी पाणीखात्यातला चावीवाला. मागच्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. सप्रेम जयभीम करून त्यांनी लिहिले होते की, एका रुग्णालयात त्या अठरा वर्षे आयाबाई म्हणून काम करीत आहेत. रुग्णाला कूस कशी द्यायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचे, लघवीच्या पिशवीचा रंग बदलला तर सिस्टरला केव्हा सांगायचे, हे त्यांना पाठ आहे. नव्या आलेल्या मुली त्यांनाच विचारतात. पण शिक्षण नववी. “आमच्या अठरा वर्षांचे कुठेच काही गुण धरत नाहीत काय?” असे त्या विचारतात.

प्रश्न साधा वाटतो, पण जगभरच्या कामगार चळवळी आणि विद्यापीठे गेली ऐंशी वर्षे त्याच्याशी झगडत आहेत. कामातून आणि आयुष्यातून मिळालेल्या शिक्षणाला कॉलेजात गुण मिळावेत, इंग्रजीत ज्याला क्रेडिट म्हणतात आणि आपल्याकडे श्रेयांक, या मागणीचा इतिहास आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. कारण ज्यांना शाळेच्या दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी ही मागणी सर्वांत जास्त मोलाची ठरली.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून घेऊ. वर्षांना कोणीही गुण देत नाही. त्या वर्षांत माणूस जे शिकला त्याला गुण मिळतात, आणि तेही तो ते दाखवू शकला तर. दोघेजण एकाच खात्यात वीस वर्षे असतात. एकाला मशीन का बिघडते ते आवाजावरून कळते, दुसरा मुकादम सांगेल तेवढेच करीत आलेला असतो. हजेरीपटावर दोघांची वीस वर्षे सारखीच. हा फरक तपासणे हेच या पद्धतीचे सगळे काम आहे. आपल्याकडेही ही रीत अगदीच नवी नाही. बॉयलर अटेंडंटचा दाखला मिळवणाऱ्या कामगारांना विचारा. बॉयलरवर काम केल्याचा पुरावा द्यायचा, परीक्षकांसमोर बसायचे, पाण्याची पातळी खाली गेली तर आधी काय करशील याचे उत्तर द्यायचे, मग दाखला. कॉलेजांनी मात्र ही रीत बरीच उशिरा उचलली.

अमेरिकेत ती दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने आली. सैन्यात रेडिओ दुरुस्त करायला, नकाशे वाचायला, औषधोपचार करायला शिकलेले लाखो तरुण परत येणार होते. त्यांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून का सुरुवात करायची? म्हणून लष्करी प्रशिक्षणाला कॉलेजचे किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस करण्याचे काम तिथल्या शिक्षण परिषदेने युद्धकाळातच हाती घेतले. पुढे १९६७ पासून कॉलेजात न जाताही परीक्षा देऊन श्रेयांक मिळवण्याची सोय झाली. १९७१ साली न्यूयॉर्क राज्याने एम्पायर स्टेट कॉलेज काढले, तिथे नोकरी करणाऱ्या प्रौढांनी आपल्या अनुभवाची फाईल तयार करून ती तपासून घ्यायची पद्धत रुजली. हे सर्व चांगलेच. पण तिथल्या काळ्या सैनिकांना या सवलतींचा वाटा गोऱ्यांइतका मिळाला नाही, हेही त्याच इतिहासात आहे.

आम्हाला जास्त सांगायचे आहे ते दक्षिण आफ्रिकेबद्दल. तिथे हा प्रश्न कॉलेजच्या कचेरीत जन्मला नाही, कारखान्याच्या फाटकावर जन्मला.

तिथल्या वर्णभेदी राज्यात काळ्या माणसाने कोणते काम करायचे हे कायद्याने ठरत होते. १९२२ च्या उमेदवारी कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. अट एवढीच की कारागिरीची उमेदवारी करायला ठराविक इयत्ता पास हवी. आता काळ्यांच्या वस्तीत तेवढ्या इयत्तेची शाळाच नसेल तर रंगाचा उल्लेख करायची गरज काय? आपल्या वाचकांना हा डाव नवा नाही. खाणींमध्ये तर तेवढाही आडपडदा नव्हता. सुरुंग लावण्याचा परवाना काळ्या मजुराला मिळतच नसे. भोके पाडायची त्यांनी, दगडाचा आवाज ऐकून छत कुठे कच्चे आहे ते ओळखायचे त्यांनी, आणि सही करून पगार घ्यायचा परवानाधारक गोऱ्याने. कायद्यात परवान्याला पात्र माणसांना ‘शेड्यूल्ड पर्सन’ म्हणजे अनुसूचित व्यक्ती असा शब्द होता. आपल्याकडे अनुसूची झाली ती वंचितांना काही मिळावे म्हणून, तिथे झाली ती वंचितांना वगळावे म्हणून. एकच शब्द, पण काम अगदी उलटे. ही अट काढायला १९८७ साल उजाडावे लागले. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने शाळेचेही तेच केले होते. काळ्या मुलांना मजुरीपुरतेच शिक्षण द्यायचे, अशी ती व्यवस्था होती.

परिणाम असा झाला की, मोटारींच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांत हजारो कामगार फिटरचे, वेल्डरचे काम करीत होते आणि पगारपत्रकावर ‘मजूर’ किंवा ‘मदतनीस’ म्हणून नोंदले जात होते. नवा गोरा मुलगा दाखला घेऊन यायचा, त्याला काम शिकवायचे याच मदतनिसाने, आणि वर्षभरात तो मुलगा याचा साहेब व्हायचा. १९८५ साली कोसाटू हा कामगार संघटनांचा महासंघ उभा राहिला, १९८७ साली धातुकामगारांची नुम्सा ही संघटना झाली. नुम्साच्या कामगारांनी स्वतःच अभ्यासगट बनवून, कारखान्यात कोण काय जाणतो आणि कोणाला काय मिळते याचा विचार सुरू केला. त्यातून मागणी पुढे आली की आम्हाला आधीपासून जे येते त्याची परीक्षा घ्या, दाखला द्या, आणि त्या दाखल्याप्रमाणे पगाराची पायरी द्या. दाखला, पगार आणि पुढचे शिक्षण या तीन गोष्टी त्यांनी एका दोरीत बांधल्या. आमच्या मते या मागणीचा खरा अर्थ या दोरीत आहे, आणि आज आपल्याकडे नेमकी हीच दोरी सुटलेली आहे. त्याकडे पुढे येऊ.

वर्णभेद गेला, १९९४ साली सर्वांनी मतदान केले आणि १९९५ साली नव्या संसदेने शैक्षणिक पात्रतांचा कायदा केला. पूर्वी शिक्षणात, प्रशिक्षणात आणि नोकरीत झालेल्या अन्यायाची भरपाई वेगाने करणे हे त्या कायद्यात उद्दिष्ट म्हणूनच लिहिलेले आहे. कामगारांच्या फाटकावरची मागणी देशाच्या कायद्यात आली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण कायदा झाला म्हणजे काम झाले असे समजू नये. सुरुवातीच्या चाचण्यांत कित्येक कामगारांच्या पदरी निराशा आली. हाताला काम येत होते, पण प्रश्न पुस्तकी भाषेत आणि बहुधा इंग्रजीत. वीस वर्षे यंत्र चालवणाऱ्याला त्या यंत्राच्या भागाचे छापील नाव विचारले तर तो गप्प राहतो, आणि परीक्षक लिहितो ‘माहिती नाही’. काहींना दाखले मिळाले, पण पगार तिथेच राहिला. परीक्षा कोण घेतो, कोणत्या भाषेत घेतो आणि उत्तर कशाला म्हणतो, यावर सगळे अवलंबून असते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अशा चाचण्या होतील तेव्हा मराठीत आणि प्रत्यक्ष काम करवून घ्या, असा आग्रह धरायला कोणीतरी पुढे यावे लागेल.

विद्यापीठांत केप टाऊनजवळच्या वेस्टर्न केप विद्यापीठाचे नाव घेण्यासारखे आहे. १९६० साली ते मिश्रवर्णीयांना वेगळे ठेवण्यासाठी सुरू झाले, आणि पुढे तेच वर्णभेदविरोधी चळवळीचे मोठे केंद्र बनले. २००० नंतरच्या वर्षांत त्यांनी शालान्त पात्रता नसलेल्या प्रौढांसाठी दार उघडले. उमेदवाराने काही आठवडे मार्गदर्शनाखाली आपल्या आयुष्याची फाईल तयार करायची, किंवा कुवतीची चाचणी द्यायची, आणि त्यावरून त्याला पदवीच्या वर्गात घ्यायचे की नाही ते ठरवायचे.

ही फाईल कशी असते ते नीट समजून घेऊ, कारण तीच गोष्ट आपल्या घरात बसून करण्यासारखी आहे. समजा, आपल्या वसाहतीतल्या एका ताई बचत गटाच्या खजिनदार आहेत. त्यांना फाईल लिहा म्हटले तर त्या लिहितील, “मी बारा वर्षे बचत गटात काम केले, सर्वांशी मिळून मिसळून वागले, खूप शिकायला मिळाले.” या वाक्याला जगातला कोणताही परीक्षक एकही गुण देणार नाही. आता त्यांनाच जवळ बसवून विचारा. व्याज कसे काढता? घटत्या शिल्लकेवर. ते कोणी शिकवले? पहिल्या वर्षी बँकेच्या हिशेबात आणि आमच्या वहीत फरक आला, तेव्हा रात्र जागून शोधले. कर्ज कोणाला द्यायचे ते कसे ठरवता? ज्या बाईचा नवरा पैसे काढून घेतो तिला एकदम रक्कम न देता हप्त्याने देतो. हप्ता थकला तर? घरी जात नाही, चारचौघींत बोलत नाही, नळावर एकटी गाठून विचारतो. आता हे सर्व लिहून काढा, सोबत वहीची दोन पाने जोडा, बँकेचे पासबुक जोडा, गटाच्या अध्यक्षाबाईंचे पत्र जोडा. हिशेबशास्त्र, पतपुरवठा, लोकव्यवहार असे तीन विषय त्यात निघाले की नाही? ताईंना ते विषय आहेत हेच ठाऊक नव्हते.

आम्हाला असे दिसते की आपली माणसे आपल्या ज्ञानाला ज्ञान म्हणतच नाहीत. “आम्हाला कुठे काय येतंय” ही सवय पिढ्यान्पिढ्या लावलेली आहे. फाईल लिहिताना खरी अडचण मराठी शुद्धलेखनाची नसते, ही सवय मोडण्याची असते. कॉलेजात जाणारी मुलगी घरात असेल तर तिने आईसमोर वही घेऊन बसावे, प्रश्न विचारावेत आणि आईच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१३ च्या अखेरीस केंद्र सरकारने कौशल्यांच्या पायऱ्या ठरवणारी राष्ट्रीय चौकट जाहीर केली. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, तिच्यात आर.पी.एल. नावाचा भाग होता, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन दाखला देणे. नाक्यावर, कारखान्यात, केंद्रांवर अशी शिबिरे झाली. थोडे मार्गदर्शन, मग चाचणी, मग प्रमाणपत्र, आणि काही काळ तर उत्तीर्ण झालेल्याला पाचशे रुपये बक्षीस. दाखले पुष्कळ वाटले गेले. पण ठेकेदाराने तो दाखला पाहून रोज वाढवला, असे आम्हाला क्वचितच ऐकू आले. दक्षिण आफ्रिकेच्या कामगारांनी बांधलेली दोरी आपल्याकडे सुटली ती इथे.

२०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक सुरू केली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे खात्यात जमा राहतात. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला, तो आपल्या कामाचा आहे. त्याचा हिशेब असा: शिकण्याचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक, आणि वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक. शाळा, कॉलेज आणि कौशल्याचे शिक्षण एकाच मापाने मोजायचे. संबंधित कामाच्या अनुभवालाही वजन आहे. सात वर्षांहून अधिक अनुभव असेल तर आधीच्या पात्रतेच्या श्रेयांकांना जास्तीत जास्त दोनने गुणता येते. मात्र मूल्यमापन झाल्याशिवाय एकही श्रेयांक नाही. आणि आराखड्यात लिहिले म्हणून आपल्या शेजारच्या कॉलेजात मिळेलच असे नाही. प्रत्येक विद्यापीठाने आपापले नियम करायचे असतात. तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवर आधी विचारावे: अनुभवाचे मूल्यमापन तुम्ही करता काय, कोणत्या अभ्यासक्रमासाठी करता, आणि त्याची फी किती? उत्तर लेखी मागावे.

आयाबाईंच्या पत्राला आमचे उत्तर असे. परिचारिका होण्यासाठी अठरा वर्षांचा अनुभव बारावीच्या जागी चालत नाही, एएनएमलाही बारावी लागते. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. पण रुग्णसेवा मदतनिसाच्या कामाला, ज्याला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात, कौशल्याच्या चौकटीत स्थान आहे आणि आर.पी.एल.च्या मार्गाने त्याची चाचणी होते. तो दाखला आधी मिळवावा. दुसरे, दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. मुक्त विद्यालयात दहावीला बसायला आठवीचा दाखला नसला तरी, ‘मी पुरेसा अभ्यास केला आहे’ असे स्वतःचे लेखी निवेदन देता येते. भगिनी नववीपर्यंत शिकलेल्या आहेत, तेव्हा घाबरायचे कारण नाही. मग बारावी. वाट लांब आहे, पण प्रत्येक टप्प्यावर हाती काहीतरी येते अशी आहे.

इथे एका धोक्याबद्दल बोलायलाच हवे. रेल्वेच्या डब्यात, मुताऱ्यांच्या भिंतींवर आणि आता मोबाईलवर जाहिराती असतात: ‘दहावी नापास? अनुभवावर थेट पदवी. एका वर्षात.’ तीस-चाळीस हजार घेऊन कागद हातात देतात. अनुभवाची मान्यता या चांगल्या कल्पनेचे नाव वापरून चाललेला हा धंदा आहे. ओळखायची खूण सोपी: जिथे तुमची परीक्षा न घेताच, फाईल न वाचताच, फक्त पैसे मोजून पदवी मिळते तिथे पाय ठेवू नये. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. दूरशिक्षणाच्या कोणत्या अभ्यासक्रमांना मान्यता आहे त्याचीही यादी असते. ती पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नये.

आणि विद्यापीठ खरे असले तरी पदवी पुढे कुठे चालेल ते विचारावे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झाले. त्याच्या पूर्वतयारी परीक्षेच्या वाटेने बारावी नसलेले कितीतरी कामगार आणि गृहिणी बी.ए. झाले. आपल्या विहारांतून व्याख्याने देणारे काहीजण त्याच वाटेने शिकले आहेत. परंतु पायऱ्या गाळल्या तर पुढे अडते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात, पहिली पदवी नसताना मुक्त पद्धतीने घेतलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरली नाही. म्हणून बढतीसाठी शिकत असाल तर आधी आपल्या खात्याचे नियम पाहावेत, मग फी भरावी.

काम करणाऱ्याने शिकायचे कसे, याचा विचार आपल्याकडे कोणी केलाच नव्हता असे मात्र नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले. सकाळी वर्ग आणि मग हजेरी. कामगाराला वेळ देणे ही त्यातली अर्धी गोष्ट होती. त्याच्या कामालाच अभ्यास मानणे ही उरलेली अर्धी, आणि ती अजून व्हायची आहे.

शेवटी कागदांबद्दल, कारण अनुभवाचे मूल्यमापन मागायला गेल्यावर पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. कायम नोकरीवाल्यांना अडचण नाही. अडचण कंत्राटी कामगारांची आहे. एकाच फाटकातून पंधरा वर्षे आत जाणाऱ्या माणसाच्या नावावर पाच ठेकेदार झालेले असतात, आणि जुना ठेकेदार गेला की कागदही गेला. अशा वाचकांनी नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, ई.एस.आय.चे कार्ड, गेटपास यांच्या झेरॉक्स काढून एका फाईलीत लावाव्यात. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक काढून घ्यावे, कारण ठेकेदार कोण होता आणि किती महिने होता याची नोंद त्यात सापडते. अर्थात, ठेकेदाराने पैसे खरोखर भरले असतील तर. ते भरलेत की नाही हेही त्यामुळे कळेल. ठेका बदलायच्या आधीच, साहेब ओळखीचा असेतोवर, काम केल्याचा लेखी दाखला मागून घ्यावा आणि त्यात हुद्दा न लिहिता प्रत्यक्ष काम लिहवून घ्यावे: ‘मदतनीस’ नको, ‘आर्क वेल्डिंग करतो’ असे हवे. घरकाम करणाऱ्या आणि नाक्यावरच्या बांधवांकडे यातले काहीच नसते. त्यांनी ज्यांच्याकडे काम केले त्यांचे पत्र, केलेल्या कामाचे फोटो आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल तर ते कार्ड जपून ठेवावे.

सतरा नंबरचा फॉर्म कसा भरायचा, कोणत्या शाळेत द्यायचा, याबद्दल बरीच विचारणा होत आहे. त्याविषयी पुढील अंकी.